सगळी सरकारं एकत्र येऊन तापमानवाढ रोखू शकतात का? तीस परिषदांचा हिशेब मांडूया

उत्तरायण

बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे, आज मांडतोच.

१९९२ साली रिओ दि जानेरोला जगभरच्या सरकारांनी हवामानबदलाच्या आराखडा करारावर सह्या करायला घेतल्या. १९९५ मध्ये बर्लिनला या कराराची पहिली परिषद भरली, जिला सगळे ‘कॉप’ म्हणतात. २०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेमला तिसावी झाली. आता त्याशेजारी हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेचा आलेख ठेवा. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ३१५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत ३१५ भाग, होता. रिओच्या वेळी ३५६ च्या आसपास. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर. १९९७ चा क्योतो करार कुठे झाला, २०१५ चा पॅरिस करार कुठे झाला, हे त्या रेघेवर बोट ठेवून दाखवता येत नाही. ती आपली चढतेच आहे.

आणि याच सरकारांनी १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला ओझोनचा करार केला, तो मात्र लागू पडला. जगातला एकूण एक देश त्यात आहे, ओझोन खाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) रसायनांचं उत्पादन जवळपास थांबलं, ओझोनचा थर हळूहळू भरून येतोय. मग हवामानाच्याच बाबतीत घोडं कुठे पेंड खातंय?

माझं मत सांगतो. शब्द मोडणाऱ्याला शिक्षा नाही, हेच खरं दुखणं आहे. पॅरिस करारात प्रत्येक देश आपलं उद्दिष्ट आपणच ठरवतो आणि ते हुकलं तर त्याला कोणी जाब विचारत नाही. दंड नाही तोवर असल्या करारांनी काही साधणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

खलाशीबुवा

भागीचे घोडे किवणाने मेले. म्हण जुनी आहे पण इथे तंतोतंत लागू पडते.

सविस्तर नंतर लिहितो. बोटींबद्दल सांगायचं आहे.

निवृत्त_मास्तर

म्हण चपखल आहे बुवा. पण भागीदारांपैकी एकाने ते घोडं दीडशे वर्षं दामटलं आणि दुसऱ्याच्या हाती लगाम काल-परवा आला, तर जखम कोणाच्या नावावर लिहायची?

गणितवेडी

मास्तर, सगळं भांडण तुमच्या या एका प्रश्नात आहे. आकडे ठेवते म्हणजे पुढे बोलायला सोपं जाईल.

आजचं वार्षिक उत्सर्जन पाहिलं तर चीन पहिला. जगातल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या चीनचा, अमेरिकेचा साधारण आठवा. पण औद्योगिक क्रांतीपासून आजवर जाळलेल्या कोळसा-तेलाची बेरीज केली तर अमेरिका पहिली येते, सुमारे चतुर्थांश वाटा घेऊन. दरडोई बघायचं तर अमेरिकन माणसामागे वर्षाला १४ टनांच्या आसपास, चिनी माणसामागे ८, भारतीयामागे २. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत अर्धा टनसुद्धा नाही.

यातला कुठलाच आकडा खोटा नाही. ज्याला जो सोयीचा तो घेऊन तो बसतो. म्हणून १९९२ च्या करारातच ‘समान पण भिन्न जबाबदाऱ्या’ असा शब्दप्रयोग घालावा लागला. चार शब्दांवर तीस वर्षं भांडणं चालली आहेत, कारण ‘भिन्न’ म्हणजे किती भिन्न हे कोणी लिहून ठेवलं नाही.

तळटीप

उत्तरायण, दंडाबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटत नाही. कारण दंडाचा प्रयोग होऊन गेला आहे.

१९९७ चा क्योतो करार कायद्याने बंधनकारक होता. श्रीमंत देशांना आकडे नेमून दिले होते. २००८ ते २०१२ या काळात १९९० च्या तुलनेत सरासरी ५ टक्के कपात. उद्दिष्ट चुकलं तर जेवढी तूट राहील तिच्या १.३ पट कपात पुढच्या टप्प्यात करायची, शिवाय आपल्या वाट्याचे उत्सर्जन हक्क (ठरलेल्या मर्यादेत धूर सोडायचा परवाना) दुसऱ्या देशांना विकायला बंदी. तपासायला वेगळी समितीसुद्धा होती. आता यापेक्षा जास्त दंड कुठल्या सार्वभौम देशाला लावणार?

झालं काय? अमेरिकन सिनेटने क्योतोच्या आधीच, जुलै १९९७ मध्ये, ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार आम्हाला नको. अमेरिकेने सही केली पण मान्यता कधीच दिली नाही. त्यामुळे करार लागू व्हायलाच २००५ उजाडलं, तेही रशिया आत आला म्हणून. आणि आपलं उद्दिष्ट हुकणार हे दिसल्यावर कॅनडाने २०११ च्या डिसेंबरात सरळ बाहेर पडत असल्याचं कळवलं. दंड भरण्याचा प्रश्नच मिटला.

दारावर छडी घेऊन माणूस बसवला की आतले सुधारतीलच असं नाही. बरेच जण आतच येत नाहीत.

सांजवारा

+१. हे कॅनडाचं माहीत नव्हतं.

ढगफोड

मला या सगळ्याचा संताप येतो. अहो, आजार कशाने होतो ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहायलाच तीस वर्षं लागली! पॅरिस कराराचा मसुदा उघडा, त्यात ‘जीवाश्म इंधन’ हा शब्दच नाही. कोळशाचं नाव कॉपच्या निर्णयात पहिल्यांदा आलं ते २०२१ मध्ये ग्लासगोला, आणि तेसुद्धा शेवटच्या तासाला ‘बंद करणे’चं ‘कमी करत नेणे’ करून. त्या वेळचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा व्यासपीठावर गळा दाटून आला होता. मग २०२३ ला दुबईत जीवाश्म इंधनांपासून ‘दूर जाण्याचं’ एक वाक्य कसंबसं आलं. बेलेमला त्याचा आराखडा ठरेल अशी आशा होती, अंतिम निर्णयात तो आलाच नाही.

आणि दुबईला माणसं किती जमली होती? ८० हजारांहून जास्त. हे नमनालाच घडाभर तेल झालं.

निळीशाई

ढगफोड, तुमचा राग समजतो. पण मी अशा एका परिषदेला निरीक्षक म्हणून दोन आठवडे होते. तिथे काय चालतं ते सांगते, कारण बाहेरून फक्त भाषणं आणि सामूहिक फोटो दिसतात.

खरं काम छोट्या खोल्यांत चालतं. समोर पडद्यावर मसुदा, एक जण टंकलेखन करतोय, दोन देशांचे प्रतिनिधी मिळून बैठक चालवतायत. ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकटी कंसात जातो. एका परिच्छेदात मी सतरा कंस मोजले होते. कंसात कंस, त्याच्या आत पर्याय एक, पर्याय दोन, आणि पर्याय तीन म्हणजे ‘हा परिच्छेदच नको’. एका देशाचा प्रतिनिधी बोलायला देशाच्या नावाची पाटी उभी करतो, म्हणतो ‘स्वागत करते’ऐवजी ‘नोंद घेते’ लिहा. झालं, आणखी एक कंस. रात्री दोन वाजता त्या खोलीत चाळीस माणसं एका क्रियापदाकडे टक लावून बसलेली असतात.

मला सुरुवातीला वाटलं, काय हा वेळेचा अपव्यय. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या क्रियापदावर पैसे आणि कायदे टांगलेले असतात. पॅरिसची गोष्ट प्रसिद्धच आहे. १२ डिसेंबर २०१५, शेवटचा दिवस. श्रीमंत देशांच्या कपातीबद्दलच्या कलमात इंग्रजीत ‘शॅल’ पडलं होतं, म्हणजे बंधन. ‘शुड’ हवं होतं, म्हणजे अपेक्षा. ‘शॅल’ राहिलं असतं तर अमेरिकेला करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो पडलाच असता. दीड-दोन तास सभागृह ताटकळलं. शेवटी सचिवालयाने तांत्रिक दुरुस्त्यांच्या यादीत तो शब्द वाचून टाकला आणि लगेच परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे लोरां फाबियुस यांनी हिरवी हातोडी आपटली. एका शब्दावर सगळं जग थांबलं होतं.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. या परिषदेत मतदान होत नाही. कामकाजाच्या नियमांत मतदानाचा नियम ४२ वा आहे, आणि तो पहिल्या परिषदेपासून मंजूरच झालेला नाही. दर वर्षी ‘नियम ४२ वगळून’ काम सुरू होतं. त्यामुळे सगळं सर्वसहमतीने. करारातल्या १९८ सदस्यांपैकी कोणी एक अडून बसला की गाडं अडलं. उत्तरायण, घोडं कुठे पेंड खातंय असं विचारलंत ना? माझ्या मते इथे.

खलाशीबुवा

सतरा कंस! ताई, मग कंसवध कधी व्हायचा?

तळटीप

बुवा, कंसवध दर वर्षी शेवटच्या रात्री होतोच. पुढच्या वर्षी नवे जन्मतात.

निवृत्त_मास्तर

हसलो मनापासून. वर्गात सांगणार हे.

निळीशाई ताई, सर्वसहमती अडचणीची आहे हे मान्य. पण बहुमताने ठरवलं असतं तर छोट्या बेटांचं काय झालं असतं? त्यांची लोकसंख्या ती किती, अर्थव्यवस्था ती केवढी. आज त्यांच्या पाटीला मोठ्या देशाच्या पाटीइतकंच वजन आहे ते या नियमामुळेच.

निळीशाई

मास्तर, कागदावर तसं आहे खरं. पण दुबईत अंतिम निर्णयावर हातोडी पडली तेव्हा बेट-देशांचे प्रतिनिधी सभागृहात पोचलेच नव्हते. त्यांच्या गटातर्फे समोआच्या ॲन रासमुसेन यांनी नंतर उभं राहून तसं सांगितलं. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या, निर्णय मात्र आहे तसाच राहिला. त्या टाळ्यांचा आवाज मला अजून सहन होत नाही.

हवा_पाणी

ओझोनवर लिहितो. उत्तरायण यांनी तुलना केली आहे, ती अर्धी बरोबर आहे.

मॉन्ट्रियल यशस्वी झालं कारण प्रश्न तुलनेने आटोपशीर होता. ती रसायनं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, पर्यायी रसायनं दृष्टिपथात होती. कोळसा-तेल तसं नाही, त्यावर तर प्रत्येक देशाचा सगळा संसार चालतो. हे नेहमी सांगितलं जातं आणि ते खरंच आहे.

पण त्या कराराच्या रचनेतून शिकण्यासारखं बरंच आहे, ते कोणी सांगत नाही. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत दिली होती. शिवाय १९९० मध्ये लंडनला स्वतंत्र निधी उभारला, कारखाने बदलायचा वाढीव खर्च त्यातून मिळाला. देणारे आणि घेणारे देश त्याच्या समितीवर समसमान. आणि करारात नसलेल्या देशाशी या रसायनांचा व्यापार बंद. म्हणजे आत यायला पैसा, बाहेर राहायला तोटा. दोन्ही बाजूंनी रेटा.

आणि तो करार अजून जिता आहे. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की सीएफसी-११ चं प्रमाण अपेक्षेपेक्षा सावकाश घटतंय, म्हणजे कोणीतरी चोरून बनवतंय. दक्षिण कोरिया आणि जपानच्या बेटांवरच्या हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या नोंदींवरून माग काढत २०१९ मध्ये ते पूर्व चीनपर्यंत पोचले. चीनने कारवाई केली आणि नंतरच्या मोजणीत उत्सर्जन पुन्हा खाली आलेलं दिसलं. कोणावर निर्बंध घातले नाहीत, कोणाला वाळीत टाकलं नाही. हवेतच पुरावा सापडला आणि तो सगळ्यांसमोर ठेवला.

२०१६ मध्ये किगालीला त्याच करारात एचएफसी वायू (सीएफसीच्या जागी फ्रिज-एसीत आलेले) घातले गेले. त्यांचा ओझोनशी संबंध नाही, पण ते उष्णता प्रचंड धरून ठेवतात. ती दुरुस्ती नीट पाळली तर या शतकअखेर सुमारे अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते. तेव्हा हवामानावरचा सगळ्यात यशस्वी करार कुठला, तर मी ओझोनचाच म्हणेन.

उत्तरायण

हवा_पाणी, चोर पकडल्याची गोष्ट विचारात पाडणारी आहे. दंड नव्हता, तरी वागणूक बदलली. तळटीप यांचा मुद्दाही पोचला. पण मग ‘आत यायला पैसा’ हे हवामानाच्या बाबतीत का झालं नाही?

गणितवेडी

कारण तिथे पैसा म्हणजे भिजत घोंगडं.

२००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी शब्द दिला की २०२० पर्यंत दर वर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. श्रीमंत देशांच्याच ओईसीडी या संघटनेच्या हिशेबाने तो आकडा पहिल्यांदा गाठला गेला २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा. आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. आधीच कर्जात असलेल्या देशाला वादळानंतर पुन्हा कर्ज दिलं आणि वहीत ‘मदत’ लिहिलं, तर घेणाऱ्याने त्याला काय म्हणायचं?

मग २०२४ ला बाकूमध्ये नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. विकसनशील देश १.३ लाख कोटी डॉलर मागत होते. हातोडी पडल्यावर भारताच्या चांदनी रैना यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि त्या दस्तऐवजाला दृष्टिभ्रम म्हटलं. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. ज्याच्यावर कपात मागायची त्याच्या हातात आधी साधन द्यायला हवं.

ढगफोड

आणि नुकसानभरपाई? बेट-देश १९९१ पासून मागतायत. २०२२ ला शर्म अल शेखला ‘हानी आणि नुकसान निधी’ मान्य झाला. मागणी आणि मान्यता यात एक अख्खी पिढी गेली.

तळटीप

ढगफोड, त्या पिढीने आता दुसरी वाट धरली आहे. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी ठरवलं की हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतू या तिथल्या बेट-देशाच्या सरकारने तो उचलून धरला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने न्यायालयाचं मत मागवलं आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या न्यायालयाने ते दिलं. हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर भरपाईसुद्धा द्यावी लागू शकते. मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, अंमलबजावणीला पोलीस नाहीत. तरी पुढच्या प्रत्येक खटल्यात ते टेबलावर असणार.

वानुआतूची लोकसंख्या साडेतीन लाखही नाही. मला तर हे वाचताना भरून आलं होतं.

खलाशीबुवा

आता बोटींचं. मालवाहू जहाजांवर सव्वीस वर्षं काढली, इंजिन विभागात. मोठ्या जहाजाचं मुख्य इंजिन तीन मजली घराएवढं असतं. जड तेल इतकं दाट असतं की गरम केल्याशिवाय पंपाला ओढत नाही. दिवसाचा खप टनांत लिहायचा. मी ती वही रोज दुपारी बाराला भरायचो. तेव्हा कधी डोक्यात आलं नाही की हा धूर कोणाच्या खात्यावर पडतो.

निवृत्तीनंतर वाचलं तेव्हा कळलं. कोणाच्याच नाही! जहाज बांधलं एका देशात, मालक दुसऱ्या देशात, झेंडा तिसऱ्याच देशाचा, खलाशी चौथ्या, माल पाचव्या. भर समुद्रातला धूर कुठल्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत. क्योतोमध्ये तो विषय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवून दिला. जगाच्या उत्सर्जनात जहाजांचा वाटा जवळपास ३ टक्के आहे, एखाद्या मोठ्या देशाएवढा.

२०२३ मध्ये त्या संघटनेने ठरवलं की २०५० च्या सुमारास जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी मर्यादेबाहेरच्या धुरावर पैसे आकारायची चौकट तत्त्वतः मंजूर झाली. मी इतका खूश झालो होतो! ऑक्टोबरमध्ये लंडनला शिक्कामोर्तब व्हायचं होतं. अमेरिकेने जोरदार विरोध केला आणि निर्णय वर्षभर पुढे ढकलायचा ठराव ५७ विरुद्ध ४९ मतांनी संमत झाला.

निळीशाई ताई, तुम्ही म्हणालात मतदान नाही म्हणून अडतं. इथे मतदान होतं. तरीही अडलंच.

निळीशाई

बुवा, निरुत्तर केलंत. नियम ४२ वर मी जरा जास्तच भार टाकला, हे मागे घेते.

सांजवारा

मी हवामान खात्याशी संबंधित काम करतो, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. सरकारांचं एक सहकार्य रोज, तासातासाला चालू असतं आणि त्याची बातमी होत नाही. जगभरच्या वेधशाळा, फुगे, बोया, उपग्रह यांच्या नोंदी सगळे देश एकमेकांना देतात. एकमेकांशी शत्रुत्व असलेले देशसुद्धा देतात. कारण ढगाला सरहद्द नसते आणि शेजाऱ्याचा आकडा नसेल तर माझा अंदाज चुकतो.

१९७० च्या भोला चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख माणसं गेली. त्याच बंगालच्या उपसागरात २०२० मध्ये अम्फान आलं, तेही भीषण होतं, पण भारत आणि बांगलादेश मिळून मृतांचा आकडा शंभरावर काही असा राहिला. इशारा, निवारे, लाखो लोकांचं वेळेवर स्थलांतर. तापमानवाढ याने थांबत नाही, मान्य. पण सरकारं मिळून काहीच करू शकत नाहीत असं कोणी म्हणालं की मला ही दोन वादळं आठवतात.

निवृत्त_मास्तर

सांजवारा, उत्तम प्रतिसाद.

एक अनुभव सांगतो. क्लायमेट इंटरॅक्टिव्ह आणि एमआयटी यांनी मिळून तयार केलेला एक वाटाघाटींचा खेळ आहे. मुलांचे गट करायचे, एकेक गट म्हणजे एकेक देश किंवा देशसमूह. प्रत्येकाने सांगायचं, आमचं उत्सर्जन कुठल्या साली वाढायचं थांबेल, मग वर्षाला किती टक्के घटेल, निधीत किती टाकणार किंवा मागणार. आकडे संगणकात घातले की शतकअखेरचं तापमान समोर येतं. श्रीमंत देशांना टेबल-खुर्च्या, टेबलावर फुलं. गरिबांना जमीन.

पहिल्या फेरीत सगळ्यांनी टाळ्या घेणारी भाषणं केली. आकडा आला ३.४ अंश. मी ठरल्याप्रमाणे निळी चादर काढली आणि जमिनीवर बसलेल्या गटाच्या डोक्यावरून पांघरली. हे तुमचं समुद्रात गेलेलं गाव, म्हटलं. वर्ग एकदम गप्प. चादरीखालून एक मुलगी म्हणाली, “सर, आम्ही तर काहीच जाळलं नव्हतं.”

दुसऱ्या फेरीत २.९. तिसरी फेरी झालीच नाही, तास संपला. मला अजून हळहळ वाटते.

उत्तरायण

एवढं सगळं वाचून पुन्हा माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो.

शिक्षेबद्दलचं माझं मत मी बदलतोय. दोन दिवस बरंच वाचलं. पॅरिसच्या आधी, २०१० च्या सुमारास, जग या शतकअखेर ४ अंशांच्या दिशेने निघालंय असे अंदाज होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालात सध्याच्या धोरणांनी २.८, आणि देशांनी दिलेले शब्द पूर्ण पाळले तर २.३ ते २.५ अंश असा अंदाज आहे. हे सगळं श्रेय परिषदांचं नाही. सौर पॅनेल २०१० च्या दशकात सुमारे ९० टक्क्यांनी स्वस्त झाली, कारण आधी जर्मनीसारख्या देशांनी जादा भाव देऊन बाजार उभा केला आणि मग चीनने कारखाने. ते ठरवून केलेलं सहकार्यसुद्धा नव्हतं, पण उपयोग साऱ्या जगाला झाला.

मौना लोआची रेघ वाकली नाही हे खरं. पण ती जितकी उभी चढली असती तितकी चढलेली नाही, हे मला आधी दिसत नव्हतं. आणि २.८ म्हणजे काही चांगली बातमी नव्हे. २०२४ हे १.५ च्या वर गेलेलं पहिलं वर्ष, आणि तेवढ्यातच काय काय झालं ते आपण पाहिलं.

हवा_पाणी यांची ती हवेतल्या पुराव्याची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पॅरिस करारात दर दोन वर्षांनी प्रत्येक देशाने आपला हिशेब जाहीर करायचा आहे, पहिला अहवाल २०२४ अखेरपर्यंत द्यायचा होता. काही देशांनी दिला, काहींनी नाही. या अहवालांकडे आपण कोणी ढुंकूनही बघत नाही. आपल्याला फक्त परिषदेच्या शेवटच्या रात्रीचं नाट्य आठवतं.

ढगफोड

उत्तरायण, अहवालांनी काही होणार नाही असंच मला अजूनही वाटतं. अमेरिका पॅरिसमधून २०२० ला बाहेर, २०२१ ला आत, २०२५ ला पुन्हा बाहेर पडायची नोटीस. असल्या ये-जा करणाऱ्यासमोर कुठला हिशेब ठेवणार? युरोपने पोलाद-सिमेंटवर सीमेवरच कार्बनचा आकार लावलाय ना, २०२६ पासून प्रत्यक्ष लागू? तसलं काहीतरी हवं. खिशाला झळ लागल्याशिवाय कोणी हलत नाही.

गणितवेडी

त्या सीमाकराचा भार पुन्हा गरीब देशांतल्या कारखान्यांवर पडतो, ढगफोड. आणि गोळा झालेला पैसा युरोपातच राहतो. तोच पैसा निर्यातदार देशाला भट्ट्या बदलायला परत दिला, तर मी उद्या पाठिंबा देईन. मॉन्ट्रियलमध्ये हेच तर केलं होतं.

ढगफोड

हे मान्य. पैसा परत गेलाच पाहिजे.

हवा_पाणी

पहिल्यांदाच तुम्हा दोघांचं एकमत झालं. कंसाशिवाय.

निवृत्त_मास्तर

धागा वर काढतोय. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच खेळ घेतला, या वेळी सलग दोन तास मागून घेतले.

उत्तरायण यांचं वाचून एक बदल केला. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक गटाने काय कबूल केलं आणि त्याने तापमानात किती फरक पडला, ते सगळं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. पुसायचं नाही असं बजावलं. भाषणं लगेच आखूड झाली. मुलं एकमेकांच्या ओळींकडे बोट दाखवून बोलायला लागली. “तुम्ही मागच्या फेरीत दोन टक्के म्हणालात, आता दीड कसं?” चार फेऱ्यांत ३.३ वरून २.२ पर्यंत आलो. निळी चादर याही वेळी काढावी लागली, पण गुडघ्यांपर्यंतच.

शेवटी श्रीमंत देशाच्या टेबलावरची एक मुलगी आली आणि म्हणाली, “सर, आम्ही निधीत टाकलेले पैसे कुठे गेले ते फळ्यावर का नाही लिहिलं?” आणि तिच्या मागोमाग जमिनीवर बसलेला एक जण, “आम्हाला किती पोचले तेही लिहा. वीस कबूल केले होते, आठच आले.”

उत्तरायण

मग काय सांगितलंत?

निवृत्त_मास्तर

सांगितलं, फळ्यावर जागा उरली नव्हती. पुढच्या वेळी दुसरा फळा आणतो. गणितवेडी ताई, पैशाच्या हिशेबाचे रकाने कसे आखायचे ते जरा लिहून द्याल का? कर्ज आणि अनुदान वेगळं दाखवायचं आहे.